तो तिथं काय करत होता?

परवा परत आमच्या भागात एका पोराचा खून झाला. नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्याला हा 'परत' समजावून सांगावा लागत नाही. सकाळी सातच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला (तो कोणी काढला आणि का फिरवला हा वेगळा लेख होईल), आठपर्यंत दोन पार्ट्या पडल्या आणि नऊला सगळे डबे घेऊन कामाला गेले. एका पार्टीचं म्हणणं, रात्री साडेबाराला तो तिथं काय करत होता? चांगल्या घरची पोरं त्या वेळेला झोपलेली असतात, याची संगतच तसली असणार, पेरलं तेच उगवलं. दुसऱ्या पार्टीत कॉलेजची मुलंमुली आणि खालच्या मजल्यावरच्या एक शिक्षिका, त्यांचं म्हणणं हे व्हिक्टिम ब्लेमिंग आहे, गेलेल्या माणसाबद्दल असलं विचारायचंच नाही, असं कोणासोबतही होऊ शकतं. मग पहिल्या पार्टीतल्या एका काकांनी हसणारी इमोजी टाकली, शिक्षिका ग्रुपमधून बाहेर पडल्या, आणि अॅडमिनने लिहिलं की कृपया इथे फक्त पाण्याचे आणि लिफ्टचे मेसेज टाका. झालं, विषय संपला.

मला दोन्ही पार्ट्यांशी भांडायचंय, पहिल्यांशी जरा जास्त. 'कोणासोबतही होऊ शकतं' हे खरं नाहीये. हिंसा काही पावसासारखी सगळ्यांच्या डोक्यावर सारखी पडत नाही, वय काय, बाई की पुरुष, जात कोणती, राहायला कुठे, कामावरून सुटतो किती वाजता, मागे उभं राहणारं कोणी आहे का, यावरून कोणाची पाळी आधी येणार याचा बराच अंदाज बांधता येतो. म्हणजे पॅटर्न आहे. पण तो पॅटर्न मेलेल्याच्या चुकीचा नकाशा नाही, मारणाऱ्याच्या हिशोबाचा आहे, याला हात लावला तर मला किती महागात पडेल हा तो हिशोब. आणि आपण सकाळी सकाळी चहा पिता पिता जे विचारतो ना, 'तो तिथं काय करत होता', त्याने मारणाऱ्याला पुढचा माणूस अजून स्वस्त पडतो.

आधी थोडे आकडे, कारण ग्रुपवर आकडे कोणी टाकत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या २०२२ च्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदलेत, म्हणजे दिवसाला सरासरी ७८. महाराष्ट्रात २,२९५. मेलेल्यांत साधारण ७० टक्के पुरुष. कारणांच्या यादीत सगळ्यात वर 'वाद', असे ९,९६२ खून, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. त्यानंतर वैयक्तिक वैर आणि सूड, ३,७६१. पैशाच्या लोभाने झालेले १,८८४, शंभरात सातसुद्धा नाहीत. सिनेमात दिसतो तो अंधारातून येणारा अनोळखी खुनी या यादीत शोधावा लागतो. बहुतेक वेळा मारणारा आणि मरणारा एकमेकांना नावाने ओळखत असतात, एकाच चौकात उभे राहत असतात, कधीकधी आदल्या वर्षी एकाच मंडळात वर्गणी मागत फिरलेले असतात.

आता यातला उलटा भाग बघा. आपल्याकडे रात्री नऊनंतर कोणाला फोन जातो? पोरीला. कुठे आहेस, कोण आहे सोबत, लोकेशन पाठव. पोराला कोणी विचारत नाही, तो एक वाजता आला तरी आई झाकून ठेवलेलं ताट पुढे करते. आणि रस्त्यावर चाकू लागून मरतो तो जास्त करून पोरगा. मग पोरीला काहीच धोका नाही का? आहे ना, पण तो जिथे आपण तिला सुरक्षित म्हणून ठेवतो तिथेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्ज आणि गुन्हेविषयक कार्यालयाने २०१७ सालचा जगाचा हिशोब काढला होता, खून झालेल्यांत ८१ टक्के पुरुष, पण त्या वर्षी ज्या ८७,००० बायका मारल्या गेल्या त्यातल्या ५८ टक्के नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा घरच्याच माणसाच्या हातून. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चौघीत एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलंय. देशभराचा हिशोब असा की मार खाणाऱ्या बायकांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं ९५ टक्क्यांच्या आसपास आरोपी ओळखीतलेच.

नाशिककरांना हे आकड्यातून कळायची गरज नाही खरंतर. २०१३ च्या जूनमध्ये याच शहरात एका बापाने स्वतःच्या नऊ महिन्यांच्या गरोदर लेकीला घरातलं कोणी आजारी आहे असं सांगून रिक्षात बसवलं आणि गळा आवळून मारलं. का, तर तिने जातीबाहेर लग्न केलं होतं आणि जातीतले लोक नावं ठेवत होते. मी त्या वेळी पेपर वाचताना एका गोष्टीपाशी अडकलो होतो आणि अजून अडकलेलोच आहे. आपण पोरींना जे जे सांगतो ते सगळं तिने केलं होतं की. अनोळखी माणसासोबत गेली नाही, सख्ख्या बापासोबत गेली. रात्री-अपरात्री भटकत नव्हती. आता तिच्याबाबत विचारा बरं, ती तिथं काय करत होती? त्या खुनानंतर जातपंचायतींविरुद्धची मोहीम नाशिकमधून उभी राहिली आणि पुढे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला, तो आला कारण लोकांनी प्रश्न पोरीकडून उचलून पंचायतीकडे नेला.

बरं, आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो. पहिला मुद्दा सावधगिरीचा. घराला कुलूप लावतो, गाडीचं हँडल लॉक करतो, मग माणसाने स्वतःला जपावं असं सांगितलं तर काय बिघडलं? पुढच्यास ठेच मागचा शहाणा. काहीच बिघडलं नाही. गंगापूर रोडला पहाटे फिरायला जाणाऱ्या आज्जींना मंगळसूत्र ओढणीखाली घ्या असं मीपण सांगतो. आणि हे आजचं नाही. १८१० साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्कराने आपल्या शिपायांसाठी एक ताकीद काढली होती. सुट्टीवर गावी निघालेले शिपाई वाटेतच नाहीसे व्हायचे. साठवलेला पगार कमरेला, गाव शेकडो कोस लांब, पायी प्रवास, वाटेत गोड बोलून सोबतीला येणारे ठग. (ठगांच्या कहाण्यांत इंग्रजांनी मीठमिरची किती लावली यावर इतिहासकारांचे वाद आहेत, ते असोत.) ठगाला याच्यापेक्षा सोयीचं गिऱ्हाईक कुठलं, कारण गावाला वाटायचं पोरगा अजून पलटणीत आहे, पलटणीला वाटायचं गावी पोचला, आणि सुट्टी संपून आला नाही की शेरा मारायचे, पळून गेला. म्हणून ताकीद, रात्रीचं चालू नका, अनोळखी सोबत घेऊ नका, रोख नेण्याऐवजी सरकारी खजिन्यावरची चिठ्ठी न्या.

यात दोन उपदेश आहेत आणि एक सोय आहे, तो फरक लक्षात घ्या. चिठ्ठी ही सोय, तिने शिपायाला मारण्यातला फायदाच कमी होतो. आणि तरीही ठगांचा बंदोबस्त झाला तो ताकिदीने नाही, १८३० च्या दशकात टोळ्यांच्या मागे माणसं लावून, माफीचे साक्षीदार उभे करून झाला. तर सावधगिरीबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार वेळेबद्दल आहे. सल्ला आधी द्यायचा असतो. माणूस मेल्यावर दिलेल्या सल्ल्याला सल्ला म्हणत नाहीत, त्याला पंचनामा म्हणतात आणि तो नेमका चुकीच्या माणसाचा. शिवाय सल्ला देणाऱ्याने थोडं हेपण बघावं की तो पाळणं कोणाला परवडतं. रात्री बाराला अंबड एमआयडीसीच्या रस्त्यावर नको थांबू हे मला सांगणं सोपं आहे, माझी नोकरी सहाला सुटते. सेकंड शिफ्टवाल्याने काय करायचं, कंपनीतच झोपायचं?

दुसरा मुद्दा जास्त जड आहे. मेलेला बऱ्याचदा खरंच साधाभोळा नसतो. पहिला हात त्यानेच उचललेला असतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. मार्विन वुल्फगँग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने फिलाडेल्फिया शहरातले १९४८ ते १९५२ मधले ५८८ खून तपासले तर साधारण २६ टक्क्यांमध्ये आधी हात किंवा हत्यार उगारणारा मेलेलाच होता. आपल्याकडे कुठल्याही पोलिस स्टेशनच्या हवालदाराला विचारा, तो वेगळ्या शब्दांत हेच सांगेल, आजचा फिर्यादी तो उद्याचा आरोपी, आणि परवाचा फोटोला हार घातलेला. मग 'त्यातलाच होता' म्हणणारे काका बरोबर?

पण या विचाराचं पुढे काय झालं ते बघा. १९७१ मध्ये त्याच फिलाडेल्फियात मेनाकेम अमीर या दुसऱ्या अभ्यासकाने तेच माप बलात्काराला लावलं. बाई त्याच्यासोबत दारू प्यायला तयार झाली, त्याच्या गाडीत बसली, तर तिने 'ओढवून घेतलं' अशी नोंद. म्हणजे 'आधी कोणी मारलं' यापासून सुरू झालेली गोष्ट 'ती त्याच्या गाडीत का बसली' इथे येऊन पोचली, मधे फार काही वर्षं लागली नाहीत. आणि अमेरिकेला हसायची गरज नाही. त्याच सुमारास, मार्च १९७२ मध्ये, विदर्भात देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर ठाण्यातल्याच पोलिसांनी अत्याचार केला. ती तिथं काय करत होती? तर भावाने तक्रार दिली होती म्हणून जबाबाला बोलावलेली होती. तरीही सत्र न्यायालयाने तिच्या चारित्र्यावर ताशेरे ओढत पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत सोडून दिलं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही म्हणून. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. पण पीडितेच्या 'चारित्र्या'वर बोट ठेवायची सोय देणारं पुरावा कायद्यातलं कलम निघायला २००२ ची दुरुस्ती यावी लागली. पोलिस ठाण्यात बसलेल्या मुलीलाही जो प्रश्न लागू होतो, तो प्रश्न जागेबद्दलचा नसतोच मुळी.

म्हणून मी म्हणतो हिशोब मारणाऱ्याचा बघा. मुंबईत साठच्या दशकात रामन राघवने कोणाला मारलं? फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांना. १९८५ नंतरच्या दोनेक वर्षांत सायन-किंग्ज सर्कल भागात कोणीतरी झोपलेल्यांच्या डोक्यात दगड घालत होतं, त्यातल्या कित्येकांची ओळखसुद्धा पटली नाही आणि मारणारा आजपर्यंत सापडला नाही. ही माणसं का निवडली गेली? ती उघड्यावर झोपत होती हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं, ती सकाळी उठली नाहीत तर ज्याची झोप उडेल असं कोणी नव्हतं. आपल्याच महाराष्ट्रातलं गावित मायलेकींचं प्रकरण आठवा. १९९० ते १९९६, कोल्हापूर, पुणे, नाशिक, तेरा लहान मुलं पळवल्याचा ठपका, त्यातल्या पाच जणांचे खून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सिद्ध झाले. गर्दीत पाकीट मारताना कडेवर मूल असलं की लोक संशय घेत नाहीत म्हणून मुलं पळवायची. कोणाची? पहिलं मूल भीक मागणाऱ्या बाईचं. सहा वर्षं हे चालू शकलं कारण त्या आयांच्या रडण्याला ठाण्यात वजन नव्हतं. शेवटी तपास लागला तो नाशिकमधल्या एका बाईने नेट धरून तक्रार लावून धरली म्हणून, आणि तिला निदान संशयितांची नावं माहीत होती. बंगल्यातलं मूल त्यांनी उचललं असतं तर हे सहा वर्षं चाललं असतं का? त्यांनाही ते माहीत होतं, म्हणून तर उचललं नाही.

आमच्या मागच्या गल्लीत रूम करून राहणारा एक पोरगा आहे, सुरगाण्याकडचा, अंबडला एका कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला. पगाराच्या रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर चालत येताना तिघांनी अडवला. पूर्वी खिसे तपासायचे, आता मोबाईल काढून घेतात आणि पिन टाकायला लावतात. पिन टाकायला वेळ लावला म्हणून तळहातावर चाकूची रेघ. अकरा हजार गेले, म्हणजे महिना गेला. टाके मी नेऊन घातले म्हणून मला कळलं, नाहीतर रूमवरच्या पोरांनी हळद भरली होती. मी म्हणलं तक्रार देऊ. तो गप्प. मग हळूहळू निघालं, ठेकेदाराने ओळखपत्र दिलेलं नाही, रूममालकाने करार केलेला नाही आणि पोलिस दारात आले तर तो रूम खाली करायला लावेल, चौकीच्या चकरा मारायच्या तर खाडे पडणार. अडवणाऱ्या तिघांनी यातलं काहीच वाचलेलं नव्हतं, पण त्यांना सगळं पाठ होतं. तेच तिघं त्याच रस्त्याने जाणाऱ्या कारखानदाराच्या गाडीला हात दाखवत नाहीत, तिच्यात कितीतरी जास्त पैसे असतात तरीही. आणि मारणाऱ्याचे हिशोब पैशाचे असतात तितकेच नात्याचेही असतात. बायकोवर हात टाकणाऱ्यालाही माहीत असतं, ती माहेरी सांगणार नाही, सांगितलं तर माहेरचे 'सांभाळून घे' म्हणून परत पाठवतील.

कोणी म्हणेल भांडणात चाकू काढणारा वीस वर्षांचा पोरगा कसला हिशोब करतो, त्याचं डोकं फिरलेलं असतं. अर्धं खरं. पण तो फिरलेल्या डोक्यानेही नगरसेवकाच्या पोरावर सहसा चाकू काढत नाही ना?

मेलेल्याला दोष दिल्याने तपास पण आंधळा होतो, ही गोष्ट आपल्याकडे बोललीच जात नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला १९७५ ते १९८० मध्ये एकाच माणसाने तेरा बायका मारल्या. सुरुवातीच्या काही जणी धंदा करणाऱ्या होत्या म्हणून पोलिसांनी आणि पेपरवाल्यांनी ठरवलं की हा अशाच बायकांना मारतो. १९७७ मध्ये एक सोळा वर्षांची दुकानात काम करणारी मुलगी मारली गेली तेव्हा 'निरपराध' मुलगी गेली म्हणून हळहळ, म्हणजे आधीच्या काय अपराधी होत्या? आणि ज्या बायका हल्ल्यातून वाचल्या, ज्यांनी त्याचं वर्णन सांगितलं, त्यातल्या काही या साच्यात बसत नव्हत्या म्हणून त्यांचे हल्ले धरलेच नाहीत. त्या माणसाची पोलिसांनी नऊ वेळा चौकशी करून त्याला सोडलं. तो २०२० मध्ये तुरुंगवासात मेला तेव्हा कुठे तिथल्या पोलिसांनी त्या वेळच्या भाषेबद्दल माफी मागितली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण नेहमी वापरतो, इथे तर संन्याशी आधीच मेलेला होता.

आता जरा दुसऱ्या पार्टीकडे, कारण ती माझ्या जवळची आहे आणि जवळच्यांशी भांडायला जास्त मजा येते. पॅटर्नबद्दल बोललं की तुम्हाला दोष दिल्याचा वास येतो, का येतो ते मथुराच्या गोष्टीवरून मला कळतं. पण पॅटर्न नाकारला की फायदा कोणाचा होतो? २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावाने ठेचून मारली. निकालात शिक्षा झाल्या, पण न्यायालयाने हा जातीचा गुन्हा न धरता सूड धरला, अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. म्हणजे 'असं कोणासोबतही होऊ शकतं' याच न्यायाने बघितलं गेलं. पण तसं कोणासोबतही होत नाही. जमीन बाळगणारं, पोरांना शिकवणारं, मान वर करून राहणारं दलित घर ज्या गावात एकटं पडतं तिथे ते होतं. २०२२ मध्ये अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदलेत, ते काय नशिबाचे फासे होते? डाकीण म्हणून जिला मारतात ती बाई कोण असते बघा, बहुतेक वेळा विधवा, एकटी, आणि नावावर तुकडाभर जमीन असलेली. हे बोलायचं नाही म्हणता, मग जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्या दिराचं नाव कोण घेणार?

आणि ती पोरं, 'त्यातलीच' म्हणून आपण जी सोडून देतो. समजा मान्य केलं की चाकू खाणारा आणि चाकू मारणारा एकाच घोळक्यातले असतात. तर मग हे किती कामाचं ज्ञान आहे! ज्याला आज वार लागलाय त्यालाच सहा महिन्यांत परत लागण्याची किंवा त्याने कोणाला मारण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि तो आत्ता, या क्षणी, कॅज्युअल्टीत स्टूलवर बसून टाके घालून घेतोय. आपण काय करतो, एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या केसेसच्या) रजिस्टरात नोंद, पोलिस येऊन जबाब घेतात, पोरगा म्हणतो पडलो, संपलं. वेल्समध्ये कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाच्या जबड्याच्या सर्जनला नव्वदच्या दशकात हे खटकलं, त्याच्याकडे मारहाणीत तोंड फुटून येणारे कितीतरी जण पोलिसांच्या कागदावर नव्हतेच. मग कॅज्युअल्टीत नाव-गाव न कळवता फक्त कुठे, कधी, कशाने हे विचारून ठेवायला सुरुवात केली, ती माहिती महिन्याच्या महिन्याला पोलिस आणि महापालिकेला द्यायची. कुठल्या बारमध्ये काचेचे ग्लास डोक्यात फुटतात, कुठल्या रस्त्यावर बार सुटायच्या वेळी पोलिस हवेत, हे त्यातून कळायला लागलं. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात तशाच इतर शहरांच्या मानाने तिथे हिंसेमुळे अॅडमिट होणारे ४२ टक्क्यांनी कमी निघाले. यात कोणालाही 'तू तिथं काय करत होतास' विचारलं नाही. 'तिथं' काय चाललंय तेवढं विचारलं. शब्द जवळपास तेच आहेत.

मग आपण चुकीचा प्रश्न का विचारत राहतो? दुष्ट आहोत म्हणून, असं मला वाटत नाही. ते इमोजीवाले काका रात्री दोन वाजता कोणालाही दवाखान्यात घेऊन जातील. १९६६ मध्ये मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला, एका बाईला विजेचे झटके बसताना (खोटे, पण बघणाऱ्यांना माहीत नव्हतं) काही जणींना बघायला लावलं. ज्यांना काहीच करता येणार नव्हतं त्या बघता बघता त्या बाईलाच नावं ठेवायला लागल्या. ज्यांना तिची सुटका करायची सोय दिली होती त्यांचं मत इतकं वाईट झालं नाही. मला हे वाचल्यावर आमचा ग्रुपच दिसला. आपल्याला काही करता येत नाही, मग मेलेल्यातच काहीतरी खोट होती असं ठरवलं की आपली पोरं सुरक्षित राहतात. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. सुपातल्यांनी हसताना निदान जातं कोण फिरवतंय तिकडे बघावं.

२०२५ च्या दिवाळीच्या आसपास आपल्याकडे पोलिसांनी पकडलेल्या गुंडांकडून वदवून घेतलेल्या 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' या घोषणेचे व्हिडिओ घरोघर पोचले. काल दहशत माजवणारे हात जोडून घोषणा देताना बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, दोन व्हिडिओ मीपण फॉरवर्ड केले. मारणाऱ्याचा हिशोब महाग करायचा असेल तर धाक लागतोच. पण धाक दोन बाजूंनी बसतो, एक पोलिसांच्या काठीने आणि दुसरा मार खाणाऱ्याच्या तक्रारीने. पहिली बाजू कॅमेऱ्यात दिसते. दुसरीचं रील होत नाही, ती म्हणजे ठेकेदाराने दिलेलं ओळखपत्र, भाड्याचा नोंदवलेला करार, रात्रीची कंपनीची बस, चौकीत 'बसा, पाणी घ्या' म्हणणारा अंमलदार. २०२७ च्या सिंहस्थासाठी हजारो मजूर शहरात येतील, घाटांवर, पुलांखाली, साईटवरच्या पत्र्याच्या खोल्यांत झोपतील. साधूंच्या आखाड्यांची मोजदाद होईल, बसगाड्यांची होईल. यांची नावं कोणाच्या वहीत असणार आहेत?

त्या सुरगाण्याच्या पोराचे टाके काढायला गेलो तेव्हा मी परत विषय काढला. म्हणलं ठेकेदाराशी मी बोलतो, रूममालकाशी पण बोलतो, चल, मी येतो सोबत चौकीत, अर्धा तास लागेल. तो हाताकडे बघत बसला. मग म्हणाला, "नको काका. त्या दिवशी मी एक क्वार्टर मारलेली होती."